तळणीचे तेल आणि मेणबत्ती

दिवाळीच्या चकल्या-कडबोळी डब्यांत जाऊन बसली की घरोघरी एक प्रश्न मागे उरतो. कढईतल्या तेलाचे करावयाचे काय? टाकावे तर जीव तुटतो, आणि मोरीत ओतले तर ते नळांना आतून चिकटून पाणी तुंबविते. म्हणून गृहिणी ते बरणीत भरून ठेवते, फोडणीला वापरते, आणि या व्यवहाराला काटकसर असे भारदस्त नाव मिळते.

वस्तुतः ते तेल पहिले राहिलेले नसते. भज्यांतील पाणी, वरची हवा आणि खालची आच या तिघांच्या संगनमताने तेलाचे रेणू तुटतात, व तुटलेले तुकडे भलत्याच रीतीने परस्परांस जोडले जातात. तेल काळवंडते, दाटते, फेसाळते. अशा बिघडलेल्या घटकांचे प्रमाण शेकडा २५ हून अधिक झाले की ते तेल अन्नास वर्ज्य, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे.

घरातल्या वाटीभर तेलाची सुगंधी मेणबत्ती होऊ शकते. तेल पातळ आणि मेणबत्ती घट्ट. हे अंतर स्टिअरिक आम्ल भरून काढते. चरबीतील हे पांढरे, मेणासारखे द्रव्य शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने अभ्यासिले, आणि १८२५ मध्ये गे-ल्युसॅकच्या साहाय्याने त्याच्या मेणबत्त्यांचे पेटंट घेतले. तेल प्रथम दाट फडक्यातून दोनदा गाळावे. जळका कण राहिला तर तो वातीत अडकतो, आणि पाण्याचा थेंब राहिला तर ज्योत तडतडते. मग उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात ते तापवून त्यात आम्ल विरघळवावे. हे आम्ल सुमारे ७० अंशांवर वितळते. वाळ्याचे किंवा गवती चहाचे तेल घालावयाचे ते आच काढल्यावर. आधी घातले तर सुगंध वाफेबरोबर निघून जातो. मासे तळलेल्या तेलापुढे मात्र कोणतेही अत्तर हात टेकते! ही मेणबत्ती मऊ होते, म्हणून ती जाड काचेच्या पेल्यातच ओतावी व पेटती ठेवून कोणी खोलीबाहेर जाऊ नये.

परंतु मुंबईचा वडा, इंदूरची कचोरी, बडोद्याचा फाफडा ज्या कढयांत तळला जातो, तेथील तेल वाटीने मोजण्याजोगे नसते. मोठ्या उपाहारगृहाने टाकलेले काळे तेल स्वस्तात हातगाडीवाल्याकडे जाते, आणि अखेर हमालाच्या नि शाळकरी मुलाच्या पोटात उतरते. ही वाट अडविण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये वापरलेले तेल गोळा करून त्याचे जैवडिझेल करण्याची योजना हाती घेतली. योजना स्तुत्य आहे. पण हातगाडीवाल्याने जैवडिझेलवाल्याहून लिटरमागे दोन रुपये अधिक देऊ केले, तर तेलाचा डबा उपाहारगृहाच्या कोणत्या दाराने बाहेर पडेल?