गंजलेला पत्रा बदलताना

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आज अनेक जण हौसेने पुन्हा उभी करतात. या गाडीला वेगळी चासी नाही. सगळा भार बॉडीच पेलते. म्हणून दाराखालचा पत्रा गंजला, तर नुसती लांबी भरून भागत नाही. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं, तर पत्रा कापावाच लागतो. त्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड करून आधार द्या, नाहीतर बॉडी वाकते आणि दार नीट लागत नाही. गंज संपेल तिथपर्यंत कापा. नवा पत्रा अंतराअंतरावर टाके देत जोडा. सलग वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकडा होतो. शेवटी आतल्या पोकळीत गंजरोधक मेण जरूर फवारा. रंगाची घाई मात्र करू नका. आधी पत्रा पक्का करा.