संसर्ग श्वासाचा, घाव डोळ्याला



पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यात ताप-सर्दीसोबत लाल डोळा घेऊन येणाऱ्या माणसाला एकच धास्ती असते, नजर तर जाणार नाही ना? विषाणू डोळ्यापर्यंत पोचतो, हे खरे. पण नजर जाते ती बहुधा पुढच्या उपचारातल्या चुकीने.

अश्रू वाहून नेणारी बारीक नळी डोळ्यातून नाकात उतरते, म्हणजे नाक-घसा आणि डोळा जोडलेलेच आहेत. घसादुखी आणि ताप देणारा अॅडिनोव्हायरस डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे आवरणही सुजवतो, आणि डोळे येतात. बहुतेकांचे एक-दोन आठवड्यांत निवळतात. काहींच्या पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, मात्र बारीक पांढुरके ठिपके उमटतात. मग उजेड सोसत नाही, समोरचे धूसर दिसते आणि हा त्रास महिनोन्महिने टिकू शकतो.

जुलै 2023 मध्ये डोळ्यांची साथ आधी आळंदीत भडकली, मग राज्यभर पसरली. अशा साथीत घरोघरी होते ते हेच: शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचीच बाटली आणायची, नाहीतर दुकानातून चिठ्ठीविना थेंब घ्यायचे. त्या थेंबांत स्टिरॉइड असले तर लाली दोन दिवसांत उतरते आणि घर निर्धास्त होते. आत मात्र विषाणू अधिक काळ मुक्काम ठोकतो. दुखणे नागिणीच्या जातीच्या विषाणूचे असेल तर पारपटलावरची जखम चिघळते. तेच थेंब महिनोन्महिने चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो आणि नेत्रचेता, म्हणजे डोळ्याची नस, सुकते. सुकलेली नेत्रचेता पुन्हा जिवंत करणारे औषध आजही कोणाकडे नाही.

स्टिरॉइडची याहून मोठी किंमत महाराष्ट्राने 2021 मध्ये मोजली. करोनातून उठलेल्या माणसाचा गाल दुखू लागे, नाकातून काळपट स्राव येई, पापणी खाली पडे, एकाचे दोन दिसू लागत. हा म्युकरमायकोसिस. तो बुरशीचा आजार. पण करोना, वाढलेली साखर आणि बेसुमार स्टिरॉइड या तिघांनी मिळून बुरशीला वाट करून दिली. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामधले हाड कागदासारखे पातळ असते, ते ओलांडायला बुरशीला वेळ लागत नाही. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाइकांनी वणवण केली. कित्येकांचा जीव वाचवण्यासाठी शल्यचिकित्सकांना डोळाच काढावा लागला. राज्याने महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत हे उपचार मोफत केले, ते योग्यच झाले. पण त्या रुग्णांची साखर वेळेत मोजली गेली असती, तर त्यातले किती डोळे शाबूत राहिले असते, हा प्रश्न वैद्यक व्यवसायाने स्वतःला विचारलाच पाहिजे.

लहान मुलांचा वैरी गोवर. तोही खोकल्या-शिंकांतूनच पसरतो. कुपोषित बाळाच्या अंगातला अ-जीवनसत्त्वाचा तुटपुंजा साठा तो संपवतो, आणि पारपटल मऊ पडून विरघळू लागते. त्यात घरचे मध किंवा पाल्याचा रस डोळ्यात घालतात, तेव्हा उरलीसुरली नजरही धोक्यात येते. 2022 मध्ये मुंबईच्या गोवंडीत गोवराने मुले दगावली, तेव्हा हा आजार इतिहासजमा झालेला नाही हे साऱ्यांना कळले. रुबेलाची गोष्ट तर 1941 पासून ठाऊक आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला हा आजार झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्माला येऊ शकते, हे सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी तेव्हाच दाखवले. या दोन्ही आजारांवर एकच लस आहे आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

म्हणून इथल्या प्रत्येकाला विनंती आहे. औषध विक्रेत्यांनी स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. आशाताईंनी बाळाचे नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर अ-जीवनसत्त्वाचा डोस आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांचे डोस चुकू देऊ नयेत. आणि लाल डोळ्यात ठणका असेल, उजेड सोसत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर घरच्यांनी बाजारच्या दिवसाची वाट न बघता पूर्णा किंवा नांदेड गाठावे, त्याच दिवशी.