एका सतरा अंकी संख्येची कहाणी

(पिंपळगाव रेणुकाई येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



फळ्यावर मी एक संख्या लिहिली आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढते आणि पुन्हा एकापर्यंत उतरते. ही संख्या १११११११११ चा, म्हणजे ओळीने मांडलेल्या नऊ एकांचा वर्ग आहे.

असे का होते? लहान उदाहरण घेऊ. १११ ला १११ ने गुणताना १११ तीनदा मांडावे लागतात, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उभ्या बेरजा येतात १, २, ३, २, १, उत्तर १२३२१. नऊ एक घेतले तर मधली बेरीज नऊ होते. हातचा कोठेच येत नाही, म्हणून हा जिना शाबूत राहतो.

आता दहा एक घ्या. मधली बेरीज दहा होते, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. जिना मोडला! नऊ वेळा खरे ठरलेले दहाव्या वेळी ढासळले. ज्याने नुसते पाठ केले तो येथे फसतो. ज्याने कारण जाणले त्याला हे आधीच कळते.

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. डेमलो म्हणजे आजचे डोंबिवली. त्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९६२ साली ते निवृत्त झाले. पुढे १९७५ साली अमेरिकेतील एका नामांकित विज्ञान मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले.

ज्या संख्येला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. ८१ ने भागा. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. येथेही कारण आहे. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो. अर्थात त्याच्या वर्गाला ८१ ने जाणारच.

पालकहो, या साऱ्याला कागद, पेन्सिल आणि 'असे का?' विचारण्याची सवय एवढेच लागले. आपले मूल असे विचारते तेव्हा "गप्प बस, पाठ कर" म्हणू नका. उत्तर येत नसेल तर "उद्या सरांना विचार आणि मलाही सांग" म्हणा. आणि मुलगी असा प्रश्न विचारत असेल तर "सातवी झाली, आता पुरे" म्हणून तिचे दप्तर खुंटीला टांगू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक प्रश्न. ११११ चा वर्ग १२३४३२१ हा हर्षद आहे काय? भागाकार न करता सांगा, आणि कारणासह सांगा.