फटफटीचे टायर आणि हँडलचा स्वभाव



माझा एक जुना विद्यार्थी दुधाचा धंदा करतो. फटफटीला मागे दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पहाटे डेअरीवर जातो. परवा भेटला तो कोपर खरचटलेला. "काय रे, कुठं पडलास?" तर म्हणाला, "सर, जाताना गाडी शहाण्यासारखी चालते. येताना रिकामी असली की हँडल हाताला लागत नाही. वळणावर खडीत घसरलो." गाडीत काय बदललंस, असं विचारलं. मागचा टायर मोठा घातला होता. वजन जास्त पेलेल, शिवाय दिसायलाही बरा!

आता हा 'मोठा' म्हणजे किती, ते टायरच्या अंगावरच लिहिलेलं असतं. त्याच्या गाडीचं मूळ माप 80/100-18. यात 80 ही रुंदी मिलिमीटरमध्ये. 100 म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शंभर टक्के, म्हणजे तीही 80. आणि 18 हा रिमचा व्यास, इंचात. नवा टायर 100/90-18. रुंदी 100, उंची तिच्या 90 टक्के, म्हणजे 90 मिलिमीटर. याने घेतला रुंद टायर, पण त्याबरोबर गाडीचं मागचं अंगही 10 मिलिमीटर उचललं गेलं. हा झाला कागदावरचा हिशेब. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा अधिकच गोल होतो.

तुम्ही म्हणाल, 10 मिलिमीटर म्हणजे बोटाची जाडीसुद्धा नाही! खरं आहे. पण मागचं अंग उचललं की सगळी गाडी पुढे झुकते, आणि पुढच्या फोर्कचा तिरपेपणा कमी होतो. फोर्क ज्या कण्याभोवती फिरतो, त्याची रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. ती टायर जिथं टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. म्हणजे चाक त्या रेघेच्या मागे ओढलं जातं आणि आपोआप सरळ राहू पाहतं. सायकल नुसती सीटला धरून चालवत नेता येते, ती बऱ्याच अंशी यामुळेच. या अंतराला कारागीर 'ट्रेल' म्हणतात. ट्रेल जास्त, तर गाडी सरळ रेषेत ठाम, पण वळायला जड. कमी, तर वळायला चपळ, पण खड्ड्याखडीत चंचल.

दोन चाकांत साधारण सव्वा मीटर अंतर असलं, तर मागच्या 10 मिलिमीटरनं फोर्क जेमतेम अर्धा अंश उभा होतो आणि ट्रेल सुमारे 3 मिलिमीटरनं घटतो. एवढ्यानं कोणी पडत नाही. म्हणून मी आणखी खोदून विचारलं. तेव्हा निघालं, की पुढची रीम खड्ड्यात वाकली होती आणि मिस्त्रीनं हाताशी होती ती 17 इंची बसवून दिली होती. झालं! पुढचं अंग पावणेतेरा मिलिमीटर खाली, मागचं 10 वर. फोर्क एक अंशाहून जास्त उभा, आणि ट्रेल सेंटिमीटरभर कमी. सकाळी भरलेले कॅन मागचे शॉकअप दाबून धरत, त्यामुळे दोष झाकला जाई. रिकाम्या गाडीत तो उघडा पडे. मिस्त्रीला मी फार दोष देत नाही. चाक फिरलं, काम झालं, असंच आपण सगळे मानतो.

वजन पेलण्याची गोष्ट तर वेगळीच. मापापुढे 54 असा आकडा असला, तर तो टायर ठरलेल्या हवेत 212 किलो पेलतो; 47 असला तर 175. मोठ्या टायरचा पैसा द्यायच्या आधी हा आकडा बघावा आणि हवा मोजावी. मोठ्या मागच्या चाकानं दर फेऱ्याला तीन टक्के जास्त अंतर कापलं जातं, म्हणून चढणीला इंजिन कण्हतं. ज्या गाडीत वेगाचा काटा पुढच्या चाकावर चालतो, तिथं 17 इंची चाकावर खरा वेग 50 असताना काटा 52 दाखवतो. डबल स्टँडवर मोठं मागचं चाक जमिनीला टेकून बसतं, ते निराळंच.

शिक्षकबंधूंसाठी एक प्रयोग. पटांगणात सायकल सरळ उभी धरा. हँडलखालच्या नळीच्या बाजूला, तिच्याच तिरपेपणात लांब काठी धरा. ती जमिनीला टेकेल तिथं खडूची खूण करा. पुढच्या आसावरून ओळंबा सोडून दुसरी खूण करा. अंतर मोजा. मग मागच्या चाकाखाली एक वीट ठेवा आणि पुन्हा मोजा. खुणा जवळ आलेल्या पोरांना पट्टी न लावताही दिसतील.

त्या विद्यार्थ्यानं दोन्ही चाकं मूळ मापाची करून घेतली. रुंद टायर अजून गोठ्यात पडून आहे, गिऱ्हाईक शोधतोय. मी त्याला सांगितलंय, घेणाऱ्याला आधी त्याच्या गाडीचं माप विचार.