आधी जागा, मग भोक



होडीत दोघे असले की एक वल्हे मारतो आणि दुसरा गरी सांभाळतो. कयाकमध्ये माणूस एकटा. वल्ह्याला दोन्ही हात लागतात, मग गळाची काठी, म्हणजे रॉड, धरायचा कुणी? ते काम रॉड होल्डरचे. कोकणात आणि गोव्यात खाडीत कयाक घालून गरवायला जाणारे आता बरेच दिसतात. त्यांच्यातला नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, होल्डर कोणता घेऊ? माझे सांगणे असे, की होल्डर कोणता हे नंतर बघा. तो कुठे बसणार, हे आधी ठरवा. कारण होल्डर बदलता येतो, पण कयाकला पाडलेले भोक बुजवणे फार कठीण.

जागा अंगणात उभे राहून ठरत नाही. कयाक कमरेइतक्या शांत पाण्यात न्या. सोबत कुणीतरी असू द्या. लाइफ जॅकेट घालून सीटवर बसा, पाय नेहमीच्या जागी टेकवा. ज्या जागा मनात असतील तिथे चिकटपट्टीचे तुकडे लावा आणि तीन गोष्टी तपासा.

पहिली, वल्हे. पाते पाण्यात शिरते ते पावलांच्या आसपास आणि बाहेर येते ते कमरेजवळ. एवढ्या पट्ट्यात काठावर काहीही वर आलेले चालत नाही. मंद वल्हवताना अडचण जाणवणार नाही. ओहोटीच्या ओढीविरुद्ध जोर लावायची वेळ आली की वल्ह्याचा दांडा नेमका तिथेच आपटतो. म्हणून तपासणीच्या वेळीही जोरातच वल्हवून बघा.

दुसरी, हात. सीटवरून न उठता, कुशीवर न झुकता, एका हाताने रॉडची मूठ धरता आली पाहिजे. पाठीमागच्या होल्डरसाठी पूर्ण वळावे लागत असेल, तर तो पुढे सरकवा. आपल्याकडच्या लहान होडीला तोल सांभाळायला उलांडी असते. कयाकला ती नसते. तिचा तोल म्हणजे तुमची कंबर. मासा लागल्याच्या घाईत माणूस मागे वळून ताणला गेला, की तो तोल जातो.

तिसरी तपासणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. कयाक उलटली तर परत चढायचे कसे? कयाक सरळ करून आपण बाजूने छातीवर आत येतो, मग कूस बदलून सीटवर बसतो. सीटच्या बाजूला उभा होल्डर असेल तर तो बरगड्यांत बसतो, जॅकेटचा पट्टा त्यात अडकतो. म्हणून सीटच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा. उथळ पाण्यात मुद्दाम खाली उतरा आणि परत चढून बघा.

आता प्रकार. एक होल्डर डेकमध्ये गाडलेला असतो, त्याला फ्लश माउंट म्हणतात. तो वर येत नाही, मजबूत असतो, सीटच्या मागे उत्तम. पण त्याचा कोन बदलत नाही. शिवाय त्याची नळी वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली जाते, तेवढी जागा आत आहे का हे आधी मोजावे लागते. घेताना बुडाला झाकण असलेलाच घ्या. उघड्या नळीतून पाणी थेट कयाकच्या पोटात जाते.

दुसरा प्रकार फिरणारा. त्याचा पाया डेकवर बसतो आणि होल्डर हव्या त्या कोनात वळवून घट्ट करता येतो. गरी ओढत नेताना, म्हणजे ट्रोलिंगला, हा पावलांच्या जरा पुढे हवा. रॉडचे टोक डोळ्यांसमोर राहते. दोन रॉड दोन्ही अंगांना आडवे पसरले की दोऱ्या एकमेकींत गुंतत नाहीत. तुमच्या कयाकला काठाने धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी, म्हणजे ट्रॅक, आधीच असेल, तर पाया त्यावर सरकवून आवळता येतो. नवे भोक पाडायलाच नको.

तिसरा प्रकार घरच्या घरी होतो. प्लास्टिकचा क्रेट घ्या, त्याला आतून पीव्हीसी पाइपचे तुकडे बांधा आणि सीटमागे इलॅस्टिकच्या दोरीने क्रेट पक्का आवळा. स्पिनिंग रीलचा पाय बसावा म्हणून पाइपच्या तोंडाला खाच कापा आणि कडा कानशीने घासा. हे नेण्या-आणण्यासाठी पुरेसे आहे. मात्र ट्रोलिंगचा ताण यावर टाकू नका.

ताण म्हणजे किती, तेही हिशेबाने पाहू. समजा मासा तीन किलोच्या जोराने ओढतो आहे आणि रॉडचे टोक होल्डरपासून दीड मीटर लांब आहे. रॉड इथे पहारीसारखा काम करतो. पायाचे स्क्रू एकमेकांपासून पाच सेंटिमीटरवर असतील, तर एका बाजूच्या स्क्रूंवर तीसपट, म्हणजे नव्वद किलोच्या आसपास ओढ येते. रॉड वाकतो, म्हणून प्रत्यक्षात ती काहीशी कमी भरते. तरी कयाकची भिंत काही मिलिमीटरच्या पॉलिथिलीनची आहे, हे विसरू नका. त्यात नुसता पिळून बसवलेला स्क्रू टिकत नाही, तो भोक मोठे करत उपटून येतो.

म्हणून जिथे डेकवरच्या झाकणातून आत हात पोचतो, तिथे आरपार बोल्ट घाला. आतल्या बाजूला जाड प्लास्टिकची पट्टी ठेवा आणि नायलॉनचे लॉकनट लावा. पट्टीमुळे ताण मोठ्या जागेवर वाटला जातो. हात पोचत नसेल तिथे रबरी वेलनट किंवा आत गेल्यावर पाकळ्या फाकणारे रिव्हेट वापरतात. त्यांची पकड बोल्टएवढी नसते, म्हणून मोठ्या माशाचा होल्डर अशा जागी नको.

भोक पाडण्यापूर्वी आत बॅटरी मारून बघा. फोमचा आधार, पाण्याच्या निचऱ्याच्या नळ्या, सुकाणूच्या दोऱ्या, यांपैकी काही खाली असेल तर जागा बदला. पुठ्ठ्याचा साचा कापून खुणा करा. ड्रिल मंद गतीने चालवा, कारण वेग वाढला की प्लास्टिक कापले न जाता वितळते. फ्लश माउंटला गोल करवत लावावी लागते. भोकाची कड गुळगुळीत करा, कारण चीर सुरू होते ती खडबडीत कडेपासून. सीलंट जरूर लावा, पण त्याच्याकडून पकडीची अपेक्षा धरू नका. पॉलिथिलीनला फारसे काही चिकटत नाही. सीलंटने पाणी थांबवायचे, धरून ठेवायचे बोल्टने. दोन-चार दिवसांनी बोल्ट पुन्हा एकदा आवळा, कारण दाबाखाली प्लास्टिक हळूहळू बसते. मग डेकवर नळाचे पाणी सोडा आणि आतून हात फिरवून ओल लागते का पाहा.

खाऱ्या पाण्यासाठी बोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. त्यात मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ते स्वस्तातल्या 304 पेक्षा खारटपणाला जास्त टिकतात. ॲल्युमिनियमच्या ट्रॅकवर स्टीलचे बोल्ट असतील, तर दोन धातूंच्या मधल्या खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणे हा त्यावरचा सोपा उपाय.

आता पाण्यावरचे चार नियम. पहिले, रॉड होल्डरमध्ये असताना रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढाच ठेवा. गरी खडकात किंवा जुन्या जाळ्यात अडकली आणि पाण्याला ओढ असली, तर आवळलेला रॉड कयाक आडवी करून उलटवू शकतो. म्हणून रॉड एका हाताने निघाला पाहिजे आणि सुरी हाताशी असली पाहिजे. दुसरे, खारफुटीच्या कडेला रॉड हातातच हवा. तांबोशी गरी घेताच मुळांकडे धावते, होल्डरमधून रॉड काढेपर्यंत ती आत गेलेली असते. मागे उभे असलेले रॉडही तिथे आडवे करा, नाहीतर फांद्यांत अडकतात. तिसरे, खाडीवरून विजेच्या तारा जात असतील तर सगळे रॉड खाली घ्या. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. चौथे, लाटांतून किनाऱ्याला लागताना उभा रॉड एकही नको. सगळे आडवे, दोरीने बांधलेले.

तर श्रोतेहो, नवी कयाक घेतली असेल तर ड्रिल लगेच हातात घेऊ नका. हा हंगाम क्रेटवर काढा. कुठे हात सहज जातो, कुठे वल्हे आपटते, परत चढताना काय आड येते, हे तुमची कयाक तुम्हाला दाखवील. त्या जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा. पावसाळ्यात कयाक घरात असेल तेव्हा निवांत भोके पाडा, बोल्ट आवळा, पुन्हा आवळा, पाणी सोडून पाहा. नारळी पौर्णिमा झाली, पाणी निवळले, की निघा. तेव्हा प्रत्येक होल्डर त्याच्या योग्य जागी असेल, आणि तुमचे दोन्ही हात वल्ह्यासाठी मोकळे असतील.