शाळेतले नाटक आणि सुलभाताई

स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत काय होते ते गुरुजींना मी सांगायला नको. ज्याचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख, त्याला राजाचे काम. बाकीच्यांनी भाले धरून उभे राहायचे, नाहीतर सतरंज्या घालायच्या. मागच्या बाकावरच्या पोराला तर कुणी विचारीतसुद्धा नाही.

अशा वेळी सुलभा देशपांडे यांचे काम आठवावे. 'चौकट राजा' या १९९१ सालच्या चित्रपटातली नंदूची आई तुम्ही पाहिली असेल. तीच ही नटी. पण १९३७ साली जन्मलेल्या सुलभाताई आधी शिक्षिका होत्या. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिकवीत. आपल्या विद्यार्थ्यांसाठी नाटके लिहा, असे त्यांनी थेट विजय तेंडुलकरांनाच सांगितले. एवढ्या मोठ्या लेखकाला शाळेतल्या पोरांसाठी कामाला लावायचे, म्हणजे बाईंची जिद्द बघा!

पुढे १९६७ साली तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली लीला बेणारे त्यांनी उभी केली. बेणारेही शिक्षिकाच. नाटक घडते ते एका गावच्या सभागृहात. मुंबईहून आलेली हौशी मंडळी तिथे लुटुपुटूचा खटला मांडतात, गावातल्या साध्या सामंतालाही साक्षीदार करून घेतात, आणि खेळता खेळता तो खटला जिवावर बेततो. खेळात केवढे बळ असते, हे ज्या बाईने रंगमंचावर भोगले, ती मुलांच्या नाटकाला पोरखेळ कशी समजेल?

१९७१ साली पती अरविंद देशपांडे आणि सहकाऱ्यांसह त्यांनी 'आविष्कार' ही संस्था काढली. तिचाच बालविभाग 'चंद्रशाला'. त्याचे 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य गाजले. त्यात एकदोन हुशार मुले नव्हेत, पोरांचा घोळकाच्या घोळका रंगमंचावर नाचतो, बागडतो. मला त्यातले हेच मोठे वाटते.

तुम्ही म्हणाल, ते मुंबईचे झाले, आमच्याकडे ना पडदा ना दिवे. पण मंडळी, १९७४पासून 'आविष्कार'ची प्रायोगिक नाटके झाली ती त्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात. ते काही सजवलेले नाट्यगृह नव्हते. शाळेची जागाच ती. तुमचा व्हरांडा काय वाईट?

यंदा एवढे करून पाहा. संवाद वाटण्याआधी आठवडाभर नुसते खेळू द्या. बाजार भरवा, एस.टी.ची वाट पाहायला लावा, विहिरीवरचे भांडण करायला सांगा. ज्या पोराच्या तोंडून वर्गात शब्द फुटत नाही, तो कदाचित बैल विकताना अस्सल दलालासारखा हात रुमालाखाली घालील. मग त्याच्यासाठी चार वाक्ये तुम्हीच लिहा. सुलभाताई २०१६ साली गेल्या, पण वही आणि पेन्सिल तुमच्यापाशी आहेच.