लय वाढली की कळते
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा सारांश)



डॉक्टरला स्टेजवर बोलावले की तो पथ्यच सांगणार, अशी आपली समजूत. पण मोदक खाऊ नका, असे मी आज म्हणणार नाही. मी बोलणार आहे हृदयाच्या भिंतीविषयी.

गेल्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत आपले एक ज्येष्ठ सहकारी मध्येच थांबले. "गॅसेस झालेत," म्हणाले. (त्यांच्या परवानगीने सांगतो आहे.) दुसऱ्या दिवशी मी त्यांना बळेच तपासायला आणले. ईसीजी नॉर्मल, साधा इकोही नॉर्मल. "बघा, मी सांगत होतो!" असे म्हणत ते उठायलाच लागले.

मी थांबवले. स्वस्थ पडून काढलेला इको म्हणजे संथ लयीतले लेझीम. तिथे सगळेच तालात असतात. लय वाढली की कोण मागे पडतो ते कळते.

स्ट्रेस इकोमध्ये हेच करतात. ट्रेडमिलवर चालवतात किंवा डोब्युटामाइन हे औषध शिरेतून वाढवत नेऊन ठोके वाढवतात. २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के गाठायचे. साठीच्या माणसाला मिनिटाला १३६. डाव्या कप्प्याच्या भिंतीचे १६ भाग मानून प्रत्येकाला गुण द्यायचे. नीट आकुंचन १, कमी २, अजिबात नाही ३, उलट बाहेर फुगला तर ४. इथे जास्त गुण म्हणजे नापास! रक्तपुरवठा अपुरा पडला की आधी भिंतीची हालचाल मंदावते. ईसीजीतला बदल आणि छातीतले दुखणे बहुधा नंतर येते.

यांचे गुडघे दुखतात, म्हणून औषधाने चाचणी केली. शेवटच्या टप्प्यावर मी म्हणालो, "ठीक आहे." माझा ज्युनिअर हळूच म्हणाला, "सर, पुढच्या भिंतीचं टोक बघा ना." खरे सांगतो, मला राग आला. इतकी वर्षे हेच तर बघतोय!

पण दुबळा भाग शेजाऱ्यांबरोबर ओढला जातो आणि डोळ्याला हलल्यासारखा वाटतो. म्हणून 'स्ट्रेन' मोजतात: आकुंचनात तो भाग स्वतः किती टक्के आखूड झाला. संगणक चित्रातील बारीक ठिपक्यांचा माग काढून हे सांगतो. ठोके फार वाढले की हा आकडाही फसवू शकतो, म्हणून डोळा आणि आकडा दोन्ही लागतात. आम्ही मोजले. इतर भाग जोमात होते, टोकाचा आकडा मात्र विश्रांतीपेक्षाही खाली आला होता. मी पुन्हा चित्र पाहिले. ज्युनिअरचेच बरोबर होते. अँजिओग्राफीत पुढच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला.

एवढेच लक्षात ठेवा. चालताना, जिना चढताना छाती भरून येत असेल, तर "साधा इको नॉर्मल आहे" यावर थांबू नका, डॉक्टरांना विचारा. आणि बसल्या जागी छातीत दुखून घाम फुटला, तर कुठल्याही चाचणीची वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठा.

आमचे सहकारी आज पहिल्या रांगेत बसले आहेत. आरतीला झांजा त्यांच्याच हाती असतील. आणि माझा ज्युनिअर काही बोलला, की मी आता दोनदा बघतो.

गणपती बाप्पा मोरया!